जोतं, पट्टा, कौल : दापोलीकडच्या घराच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२३

जुनं घर पाडायचं नक्की झालं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पुढचं अर्धं छप्पर गेलं होतं. ताडपत्री आणि उसने पत्रे टाकून काढले तेवढे पावसाळे पुरे. मातीच्या भिंती बुडापासून भिजून फुगल्यात, मागची तर हाताने ढकलली तरी हलते. डागडुजीचा विषय संपला.

नवं घर ३० बाय २२ फूट, पुढे ३० बाय ६ ची पडवी. एकूण ८४० चौरस फूट, एकमजली. वर मजला चढवण्याची सोय ठेवायची का, यावर मुंबईच्या चुलतभावाशी फोनवर बराच वाद झाला. तो म्हणतो, "पाया एकदाच होतो, आत्ताच भक्कम करून ठेव." मी म्हटलं, ज्या मजल्यावर राहायला माणूसच नाही त्याच्यासाठी आज लाख-दीड लाख जमिनीत का गाडायचे? गावात काका-काकू दोघंच असतात. आम्ही पुण्याहून सणासुदीला. मजला रद्द.

इंजिनिअरबरोबर बसून काढलेला अंदाज :

जोत्यापर्यंत : ३,६०,०००
भिंती आणि पट्टे (भिंतीभर सलग फिरणारं सळईचं काँक्रीट) : ४,२०,०००
छप्पर आणि मागचा स्लॅब : ४,५०,०००
दारं-खिडक्या : १,८०,०००
फरशी, न्हाणी-संडास, नळ, वीज : ३,६०,०००
पाणी, सेप्टिक टँक : १,००,०००
एकूण १८,७०,०००. त्यावर १० टक्के राखीव, म्हणजे साडेवीस लाखांच्या घरात.

पण या आकड्यांइतकंच तारखांना महत्त्व आहे. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. दिवाळीनंतर सुरुवात केली तर मेअखेर छप्पर झालंच पाहिजे. छपराखालचं काम पावसातही चालतं. उघडं राहिलेलं काम चार महिने भिजणार आणि पुढच्या वर्षीच्या दराने पुरं करावं लागणार. म्हणून पहिल्या तीन ओळींचे १२ लाख ३० हजार हातात किंवा बँकेच्या मंजुरीत असल्याशिवाय कुदळ मारायची नाही. फरशी आणि रंगाचे पैसे पगारातून महिन्याच्या महिन्याला आले तरी काही अडत नाही.

२९ ऑक्टोबर २०२३

कागद. घर गावठाणात आहे हे मोठं सुख. बिनशेतीची भानगड नाही. समुद्रापासून पुरेसे आत आहोत, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांची, सीआरझेडचीही नाही. गावठाणात ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या घरासाठी नगररचना विभागाचे उंबरे झिजवावे लागत नाहीत, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर काम होतं.

खरी अडचण नमुना ८ च्या, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घरनोंदीच्या, उताऱ्यावरच्या नावांची. आजोबांच्या नावामागे काका, बाबा, दोन आत्या, शिवाय मुंबईचं एक कुटुंब. कोकणात घर बांधताना पहिला खर्च संमतीपत्रांच्या स्टँपपेपरचा आणि दुसरा त्यासाठीच्या पेढ्यांचा. धाकटी आत्या म्हणाली, "सही देत्ये, पण गणपतीला माझी खोली कुठली ते आधी सांग." सांगितली. सही मिळाली.

कर्ज दहा लाख मागितलंय. ही रक्कम एकदम हातात येत नाही. जोतं झालं की २५ टक्के, भिंती लिंटलपर्यंत (दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीपर्यंत) आल्या की २५, छप्पर झालं की ३०, उरलेले २० टक्के काम पुरं झाल्यावर. प्रत्येक टप्प्याला त्यांचा माणूस येऊन बघणार, मगच पैसे. म्हणजे आधी आपण काम करायचं, मग त्यांनी द्यायचं. पुढच्या टप्प्याचं सामान भरायला दोन-तीन लाख कायम आपले मोकळे लागतात. हे गणित ज्यांनी केलं नाही त्यांची लिंटलपर्यंत येऊन थांबलेली घरं आमच्याच रस्त्यावर उभी आहेत.

१९ नोव्हेंबर २०२३

दिवाळी झाली. ठेका कसा द्यायचा ते ठरवलं. सामानासकट दिला तर डोक्याला ताप कमी, पण सिमेंट कुठलं, सळई कुठली, हे त्याच्या मर्जीवर. फक्त मजुरीचा दिला तर सामान आपल्या ताब्यात. शिवाय एकट्या स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्यावर जीएसटी लागत नाही, आणि सामानासकट पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के. काका जागेवर आहेत, गोण्या मोजून घेतील, आलेल्या गाडीची पावती वहीत चिकटवतील. मजुरीचाच ठेका दिला.

मिस्त्री विजापूरकडचे, वीस वर्षं याच पट्ट्यात आहेत. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. करारात तीन गोष्टी लिहून घेतल्या : एक, पैसे टप्प्यावर, आठवड्याला खर्ची (मजुरांच्या खर्चाची उचल) वेगळी आणि ती टप्प्यातून वजा; दोन, ठरल्यापेक्षा जास्तीचं काम आधी लिहायचं, मग करायचं; तीन, बांधकामावर पाणी मारण्याची जबाबदारी त्यांची. तिसऱ्यावर मिस्त्री हसले. "दादा, पाणी आम्ही मारू, पण पाणी आणायचं कुणी?" एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते, त्यांना ठाऊक आहे.

३ डिसेंबर २०२३

खोदाई. पुढच्या बाजूला तीन फुटांवर कातळ लागला, मागच्या बाजूला पाच फूट गेलं तरी मोकळी माती. जुन्या काळी उतारावर भराव टाकून घर बांधलेलं असणार. मिस्त्री म्हणाले, मागे थोडं काँक्रीट जास्त ओतू, चालतंय. इंजिनिअर म्हणाले, अजिबात नाही. अर्धं घर कातळावर आणि अर्धं भरावावर ठेवलं तर भराव बसणार, कातळ बसणार नाही, भिंत बरोबर मधोमध फाटणार. मागचा चर कातळ लागेपर्यंत खाली न्यायचा आणि मधे पायऱ्या काढायच्या.

पहिल्याच महिन्यात पंचेचाळीस हजारांचा वाढीव खर्च. इथे हात आखडण्यात अर्थ नाही, फरशी नंतर बदलता येते, पाया नाही. ही रक्कम राखीवमधून न काढता दारं-खिडक्यांच्या ओळीतून काढायचं ठरवतोय. जुन्या घराची सागाची दारं मांगरात (सामानाच्या खोपटात) पडून आहेत, त्यांचं काय करता येतं ते सुतार बघेल.

२४ डिसेंबर २०२३

जोतं अडीच फूट वर आलं. त्यावर जोत्याचा पट्टा ओतला. भराव थराथराने पाणी मारून धुमसला. फरशीखालच्या काँक्रीटच्या आधी वाळवीचं औषध, लिटरला २.१ मिलि इमिडाक्लोप्रिड, भिंतीच्या कडेने आणि सगळ्या भरावावर. ओतताना मी स्वतः उभा होतो. हे काम कुणी बघत नसलं की औषधाचं नुसतं पाणी होतं.

जोत्याचा खर्च ४,०५,०००. बँकेचा माणूस येऊन फोटो काढून गेला.

७ जानेवारी २०२४

चिरेखाण. भिंती जांभ्याच्या करायच्या हे पहिल्यापासून ठरलेलं, विटेचा विचारच केला नाही. विटा घाटावरून येणार, वाहतुकीतच अर्ध्या महाग पडणार, वर बाहेरून प्लास्टर आणि दर चार वर्षांनी रंग. जांभ्याला बाहेरून दरजा (चिऱ्यांमधल्या फटी) भरल्या की झालं.

खाणीवर आज एका थरातला चिरा दुसऱ्यापेक्षा कसा वेगळा असतो ते बघितलं. वरच्या थरातला लाल, खणखणीत. खालच्या थरातला पिवळट, त्यात पांढऱ्या मातीच्या गाठी. मिस्त्रींनी रचलेल्या थप्पीतून एक चिरा काढला, हातोडीच्या दांड्याने ठोकला, कान लावला. दुसरा ठोकला. पहिल्याचा आवाज टणक, दुसऱ्याचा बद्द. मग दुसऱ्याच्या गाठीत खिळा घातला. बोटभर आत गेला, पिवळी माती भुरभुर खाली आली. पावसात ही माती वाहून गेली की चिऱ्याला पोकळी, आणि पोकळीत मुंग्या. खाणवाल्याने तोंड वाकडं केलं, पण मालाची निवड आमची, गाडी भरताना आमचा माणूस उभा राहणार, हे मान्य केलं. त्यासाठी नगाला दोन रुपये जास्त. पोचता ४२ रुपये.

ताजा कापलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून माल आत्ताच आणून टाकायचा आणि भिंत महिनाअखेरीस चढवायची. १४ बाय ९ बाय ७ इंचाचा चिरा, नऊ इंची भिंत. शंभर चौरस फुटांना १३० ते १३५ लागतात. जोत्याला गेलेले धरून आणि तूटफूट धरून २९०० नगांचा हिशेब, सव्वा लाखाच्या आतबाहेर.

वाळू : खाडीची स्वस्त मिळते, घेतली नाही. खारट वाळूत सळई गंजते आणि भिंतीवर पांढरा फुलोरा येतो. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटांना, ५,००० रुपये.

४ फेब्रुवारी २०२४

भिंती खिडकीच्या वर. लिंटलला सलग पट्टा, चारही बाजूंनी आणि मधल्या भिंतींवरून. काकांना ही उधळपट्टी वाटली. "आपल्या आजोबांच्या घराला कुठला पट्टा होता?" इंजिनिअरने एवढंच विचारलं, "कोयनेचा भूकंप आठवतो का?" ११ डिसेंबर १९६७. काका तेव्हा शाळेत होते, पहाटे सगळे खळ्यात धावले होते. पुढे पट्ट्याविषयी बोलले नाहीत.

१८ फेब्रुवारी २०२४

छप्पर. आजचा दिवस यातच गेला, आणि जायलाच हवा होता.

पहिला पर्याय, संपूर्ण स्लॅब. वादळात उडणार नाही. पण साडेतीन हजार मिलिमीटर पावसाखाली सपाट स्लॅब म्हणजे गळतीला आमंत्रण. गावातले सगळे स्लॅबवाले पाच-सहा वर्षांत वर पत्र्याची शेड मारतात. दोन छपरांचा खर्च, आणि वादळात शेड जायची ती जातेच.

दुसरा, रंगीत पत्रा. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात लवकर. निसर्गमध्ये काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय : पत्रा एकदा कडेने उचलला की सुटा निघत नाही, शेजारच्यांना आणि खालच्या पाइपांना घेऊन जातो. आमच्या वाडीतली एक अख्खी कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) पत्र्यासकट नारळीच्या बागेत सापडली होती. आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली दुपारी बसून दाखवावं कुणी.

तिसरा, मंगलोरी कौल. उडतात, फुटतात, पण सुटी सुटी. दहा कौलं गेली तर दहा बदलायची. गारवा आहे. वजन असल्याने वारा सहज उचलत नाही. माकडांचा त्रास मात्र नक्की.

ठरलं ते असं. मागच्या ३० बाय ८ वर, म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणी आणि एक लहान खोली, यावर स्लॅब. ती लहान खोली वादळाच्या रात्री सगळ्यांनी बसायची. स्लॅबवर पाण्याची टाकी, म्हणजे टाकीसाठी वेगळा मनोरा नको. पुढच्या भागावर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांच्या कैच्या आणि कौलं. पडवीचं छप्पर मुख्य छपराला जोडायचं नाही, त्याचे खांब वेगळे आणि पाइप वेगळे. वारा पहिल्यांदा पडवीखाली शिरतो आणि वर ढकलतो. गेली तर पडवी एकटी जावी, घराचं छप्पर सोबत नेऊ नये.

पागोळीवरून (भिंतीबाहेर येणाऱ्या छपरावरून) रस्सीखेच झाली. काकांना तीन फूट पागोळी हवी, भिंत कोरडी राहते. इंजिनिअरला दीड, वाऱ्याला धरायला जागा कमी. दोन फुटांवर तोडलं. पुढे पडवी आहेच.

१० मार्च २०२४

वरचा पट्टा ओतला. या पट्ट्यातच छपराचे बोल्ट. कैच्या जिथे बसणार तिथे दोन-दोन, १६ मिलिमीटरचे, खालचं टोक वाकवून तळाच्या सळईखाली अडकवलेलं.

फॅब्रिकेटरला हे पटत नव्हतं. त्याची पद्धत अशी की पट्टा होऊ द्यायचा, मग भोक पाडून फास्टनर ठोकायचे, माप चुकण्याची भीती नाही. मिस्त्रींनी तोड काढली. पाइपाच्या तळपट्टीच्या मापाची फळी कापली, दोन भोकं पाडली, बोल्ट त्यातून वर काढून वरून नट आवळले, फळी शटरिंगच्या दोन्ही कडांवर खिळ्यांनी ठोकली. आटे खराब होऊ नयेत म्हणून वर ग्रीस आणि प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधलेली. या टोकाच्या फळीपासून त्या टोकाच्या फळीपर्यंत दोरी ताणली, मधल्या एका फळीला अर्धा इंच सरकवलं. मग ओतायला सुरुवात. व्हायब्रेटर बोल्टजवळ आला की मिस्त्री स्वतः फळी दाबून धरत होते.

बोल्ट, नट, पट्ट्या मिळून खर्च नऊ हजारांच्या आत. साडेचार लाखांच्या छपरात सगळ्यात कमी पैशांचं आणि सगळ्यात जास्त कामाचं सामान हेच.

१७ मार्च २०२४

स्लॅब. २४० चौरस फूट, पाच इंच, म्हणजे काँक्रीट बरोबर एक ब्रास. सिमेंट २३ गोणी. सकाळी सातला सुरू, दुपारी जेवायच्या वेळी संपलं. घाई मुद्दाम केली, पुढच्या रविवारी होळी. शिमग्यात पालखी फिरते तोवर गावात कुणी थापी हातात धरत नाही. तेवढ्यात स्लॅब पाण्याखाली राहील. पोर्टलँड पोझोलाना सिमेंट आहे, किमान दहा दिवस ओलं ठेवायचं. वर आळी केली आहेत, काकू सकाळ-संध्याकाळ नळी सोडतात.

१४ एप्रिल २०२४

काम रेंगाळलंय. दोन कारणं, दोन्ही हंगामाची. आंबा काढणीला लागल्याने बिगारी मिळत नाही. बागेत सहाशेच्या जागी आठशे मिळतात, वर जेवण. कोण येणार विटा-चिरे उचलायला? दुसरं, पाणी. विहिरीत हातभर उरलंय, ते घरापुरतं. आतल्या प्लास्टरला टँकर आणण्यापेक्षा ते काम पुढे ढकललं. जूनमध्ये पाणी फुकट पडणार आहे आणि प्लास्टर छपराखाली आहे. चौदा-पंधरा हजार वाचले.

त्यावरून काकांनी पावसाच्या पाण्याच्या टाकीचा विषय काढला. हिशेब मांडला : हजार चौरस फूट छपरावरून हंगामात अडीच लाख लिटर सहज मिळेल. पण दहा हजार लिटरची टाकी जुलैच्या एखाद्या जोरदार दिवसात भरते आणि मग चार महिने नुसती भरलेली राहते. उपयोग एप्रिल-मेमध्ये, तेव्हा चार माणसांना साठ दिवस पुरायला तीस हजार लिटर तरी हवेत. तेवढी टाकी आत्ताच्या बजेटमध्ये बसत नाही. पन्हळीचे पाइप मात्र एका कोपऱ्यात आणून सोडायचे आणि तिथली जागा मोकळी ठेवायची.

कैच्या उभ्या राहिल्या. बोल्ट सगळे भोकात बसले. वेल्डिंगच्या जागी जीआयचं जस्त जळतं, तिथे जस्ताचा रंग दोन हात. खाऱ्या हवेत गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

५ मे २०२४

काम बंद. ७ तारखेला लोकसभेचं मतदान, इथेही आणि विजापूरकडेही. मिस्त्री सगळ्या माणसांना घेऊन गावी गेले. जाण्यात काही चूक नाही, पण मे महिन्यातला एक-एक दिवस आम्हाला महाग. मधल्या वेळात कौलं आणून ठेवली. शंभर चौरस फूट छपराला १५० कौलं धरून, वर ५० जास्तीची.

जुन्या घराची साडेतीनशे-चारशे कौलं शाबूत निघाली, ती पडवीला. काहींच्या पाठीवर बासेल मिशनचा छाप आणि १८६५ आकडा आहे. ते मंगळूरच्या कारखान्याचं स्थापनेचं साल, कौलाचं नव्हे, पण काकांना ते सांगून उपयोग नाही; त्यांनी सगळ्या वाडीला दीडशे वर्षांची कौलं दाखवून झाली आहेत.

१९ मे २०२४

मंडळी परतली, मुख्य छप्पर शाकारून झालं. कडेच्या दोन ओळी आणि मोभाजवळच्या ओळी तांब्याच्या तारेने पाइपाला बांधल्या. सगळीच बांधायची म्हटलं तर मजुरी दुप्पट, आणि वारा उचलतो तो कडेपासून.

छपराचा खर्च ५,१५,०००. अंदाजापेक्षा ६५ हजार वर. यात जाड पाइप आणि मे महिन्यातली मजुरी.

९ जून २०२४

पाऊस लागला. पडवीचे खांब आणि पाइप उभे, कौलं अर्धी. वेगळी ठेवल्याचा फायदा लगेच दिसला, घर बंद करून आत काम सुरू आणि पडवी उघडीप मिळेल तशी.

१४ जुलै २०२४

वरंध घाट पावसात बंद, ताम्हिणीवरून आलो. गळती दोन ठिकाणी : कौलारू छपराचा आणि स्लॅबच्या भिंतीचा सांधा, आणि एक तडकलेलं कौल. सांध्याला पत्र्याची पन्हळ वाढवली. भिंतीत ओल कुठेही नाही, पश्चिमेच्या बाजूला दरजांमधून थोडा घाम येतो. तिकडे आतून प्लास्टरमध्ये वॉटरप्रूफिंग घातलं.

सेप्टिक टँकची जागा बदलली. नकाशात तो उत्तरेला होता, शेजाऱ्यांच्या विहिरीपासून जेमतेम चाळीस फुटांवर. जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं, हे आत्ता खड्ड्यात भरलेलं पाणी तासाभरात गायब झालेलं बघून सगळ्यांनाच पटलं. शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर तरी लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. पूर्वेला नेला, पाइप वाढला, ३५ हजार वाढले. शेजाऱ्यांशी पुढची तीस वर्षं बोलायचं आहे.

१८ ऑगस्ट २०२४

सुताराने जुन्या सागाची तीन दारं आणि पुढची चौकट रंधा मारून अशी काढली की नवी वाटावीत. दारं-खिडक्या १,२५,००० मध्ये संपल्या. बिजागऱ्या आणि कड्या स्टेनलेसच्या, लोखंडी इथे दोन पावसाळ्यांत लाल होतात.

फरशी : बायकोला मोठ्या चकचकीत टाइल्स हव्या होत्या, काकूंना शहाबाद. पावसाळ्यात ओल्या पायांनी ये-जा, काकूंचे गुडघे. पडवी आणि स्वयंपाकघरात शहाबाद, माजघरात आणि खोल्यांत मॅट टाइल्स. विजेला जास्त खर्च केला : अर्थिंग वेगळं, इन्व्हर्टरची वायरिंग आत्ताच घालून ठेवली. वादळानंतर महिनाभर अंधारात काढलेल्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

१ सप्टेंबर २०२४

गणपती शनिवारी, ७ तारखेला. टाइल्सच्या फटी भरायच्या राहिल्यात, न्हाणीचं दार लागलं नाही, बाहेरचा रंग नाही. रंग यंदा करायचाच नाही. जांभ्यावरून एक पावसाळा जाऊ दे. आत्याची खोली तयार आहे, तिने फोनवर दोनदा खात्री करून घेतली.

२२ सप्टेंबर २०२४

हिशेब. जोतं ४,०५,०००. भिंती ४,१०,०००. छप्पर ५,१५,०००. दारं-खिडक्या १,२५,०००. फरशी, न्हाणी, नळ, वीज ३,३०,०००. पाणी-सेप्टिक १,३५,०००. एकूण १९,२०,०००, म्हणजे अंदाजापेक्षा ५० हजार जास्त.

अंदाजात ज्यांना ओळच नव्हती ते खर्च वेगळे : जुनं घर पाडणं आणि मलबा, इंजिनिअरची फी, कर्जाची फी, तात्पुरतं वीजमीटर, स्टँपपेपर, पेट्रोल. मिळून ९५ हजार. राखीव १,८७,००० मधून हे सगळं जाऊन ४२ हजार शिल्लक.

या ४२ हजारांवर आता तीन दावेदार. काकांना गडगा (दगडी कुंपण) घालायचाय. चुलतभावाला सोलर हवंय : पीएम सूर्यघरमध्ये दोन किलोवॉटला ६० हजार अनुदान मिळतं, हे खरं आहे, पण अनुदान नंतर येतं, आधी खिशातून घालावे लागतात. पॅनेल कौलांवर लावायचे नाहीत हे नक्की, स्लॅबवरच बसतील, आणि त्याचा सांगाडा कसा धरायचा ते इंजिनिअरने काढून दिल्याशिवाय नाही. आणि काकू म्हणतात, स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर दोन फुटांचा पत्रा नसल्याने पाऊस थेट चुलीपाशी येतो.

पत्र्याचं माप घेतलं. मिस्त्री सोमवारी लावून जातील. गडगा दिवाळीनंतर, सोलर बँकेचा शेवटचा हप्ता आल्यावर.